सहीपुरती ग्रामसभा

मावशी,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात नांदते. वय 28, बी.एस्सी. झालेय. नवरा चाकणला कंपनीत आहे, महिन्यातून दोनदा येतो. आमच्याकडे ग्रामसभा झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. ‘वहिनी, सही करा, सभा झाली.’ तीन वर्षं मी करत आले. नवऱ्याच्या नावापुढंही मीच करते, कारण हे इथं नसतात. यंदा 15 ऑगस्टच्या सभेनंतर शिपाई आला तेव्हा मी सहज विचारलं, ठराव कुठले झाले? तो हसला, म्हणाला, ते लिहायचंय अजून. मी सही केली नाही. रजिस्टर तसंच परत गेलं.

तेव्हापासून घरात ताण आहे. गावची सरपंच माझी चुलत जाऊच आहे. कारभार अर्थातच दीर बघतात. सासरे म्हणाले, ‘भावकीतलीच बाई आडवी आली तर बाहेरच्यांनी काय करायचं? एका सहीनं काय जातंय?’ नवरा फोनवर म्हणाला, ‘नागरिकशास्त्र दहावीत संपलं. आता नांदायचं बघ.’ तसं बघितलं तर मीही सभेला कधी गेलेली नाही. पारावर वीस-बावीस जण असतात, सगळी गडीमाणसं. गावात मतदार अकराशेच्या वर आहेत. मी जास्त शहाणपणा करतेय का? की हे माझं कर्तव्य आहे? असेल तर कुणाशी, गावाशी की घराशी?

— सही अडलेली

* * *

बाई गं, मावशी म्हणालीस म्हणून मीही सरळ ‘तू’ म्हणते.

आधी कामाचं. सही केली नाहीस ते बरोबर केलंस. आणि नवऱ्याच्या नावापुढची सही आजपासून बंद. तुझ्या स्वतःच्या सहीबद्दल मी पुढं बरंच बोलणार आहे, कारण तिथं विचार करण्यासारखं काही आहे. दुसऱ्याच्या नावाच्या सहीत तसं काहीच नाही. उद्या एखाद्या ठरावाची चौकशी लागली आणि तो माणूस त्या दिवशी चाकणला होता असं निघालं, तर ‘हे अक्षर कुणाचं’ हा प्रश्न घेऊन कुणी दिरांकडे जाणार नाही, तुझ्याकडे येईल.

पण हुरळूही नकोस. तुझ्या नकारानं गावात काहीही अडलेलं नाही. हिशेब बघ. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे आपण ज्याला कोरम म्हणतो ती, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. अकराशेचे 15 टक्के होतात 165, म्हणून तुमच्या गावाला 100 माणसं पुरतात. पारावर बावीस बसली, कमी पडली अठ्ठ्याहत्तर. शिपायाची सगळी पायपीट त्या अठ्ठ्याहत्तरांसाठी. तू केली नाहीस, शेजारची करेल. बरं, समजा गावात कुणीच केली नाही. मग सभा तहकूब होते आणि पुन्हा बोलावतात. त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. तेच बावीस जण पुन्हा बसून सगळं कायदेशीर मंजूर करू शकतात.

मग इतक्या खोट्या सह्या कशाला? पुन्हा नोटीस, पुन्हा दवंडी, पुन्हा एक दिवस मोडायचा, हा कंटाळा तर आहेच. पण मला दुसरं कारण मोठं वाटतं. सभा तहकूब झाली तर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, ‘तहकूब’ हा शब्द राहतो. दहा वर्षांनी कुणी ते बुक उघडलं तरी कळतं की त्या दिवशी गाव आलं नव्हतं. का आलं नाही, हा प्रश्न मग कुणीतरी विचारू शकतो. घरोघर फिरणारं रजिस्टर हा प्रश्नच पुसून टाकतं. गाव आलं नाही, हीसुद्धा गावाची एक गोष्ट आहे, बहुधा नाराजीचीच, आणि तुझ्या सहीनं ती नेमकी उलटी लिहिली जाते. गाव आलं, बसलं, ऐकलं आणि ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणालं.

त्या ‘सर्वानुमते’त तू तीन वर्षं बसलेली आहेस. तिथं काय मंजूर होतं याची कल्पना आहे ना? वर्षाचा जमाखर्च, गावाचा विकास आराखडा, घरकुलाच्या यादीतली नावं. वित्त आयोगाचा पैसा आता थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, म्हणजे रक्कमही अगदी चिल्लर नसते. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या विधवा बाईचं नाव घरकुलाच्या यादीतून गळलं आणि ती पंचायतीत विचारायला गेली, तर तिला उत्तर मिळेल की ग्रामसभेनं ठरवलं, आमच्या हातात काय आहे? आणि ग्रामसभा म्हणजे कोण, तर ज्यांच्या सह्या आहेत ते. ती रोज तुझ्या दारावरून पाण्याला जाते, आणि कागदावर तिच्या विरुद्ध तूही बसलेली आहेस. सासऱ्यांना ‘एका सहीनं काय जातंय’ याचं उत्तर द्यायचंच झालं तर हे दे. आपलं काही जात नाही, जातं ते दुसऱ्याचं.

सही म्हणजे माणूस, हे आपल्याकडं काही नवं नाही. पुण्यात 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा निघाली. पर्वती संस्थानच्या, म्हणजे तिथल्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, तिथून ती सुरू झाली. पण तक्रार करणारे तुम्ही कोण, कुणाच्या वतीनं बोलता, हा प्रश्न उभा राहिलाच. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांच्या मंडळींनी नियम केला की ज्याला सभासद व्हायचंय त्यानं निदान 50 माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. असे 95 सभासद झाले आणि त्यांच्या मागं सहा हजारांच्या आसपास माणसं होती. तेव्हा मताचा अधिकार कुणाला नव्हता, पंचायत नव्हती, काही नव्हतं. तरी कुणाच्या तरी नावानं बोलायचं तर आधी त्याच्या दारात जाऊन त्याला विचारलं पाहिजे, एवढं त्या माणसांना कळत होतं. तुमचा शिपाईही दारोदारच जातो. फक्त ते सही घेऊन बोलायला जायचे, आणि इथं बोलून झाल्यावर सही घ्यायला येतात.

आता सासऱ्यांच्या बाजूनंही थोडं बोलते, कारण त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे आणि तू तिला बगल दिली आहेस. माणसं सभेला येत नाहीत. तूही गेलेली नाहीस. सभा घ्यायची आणि माणूस फिरकायचा नाही, तर भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकानं, करायचं काय? लोकशाही जिथं जन्मली म्हणतात त्या अथेन्समध्येही हेच दुखणं होतं. तिथली लोकसभा टेकडीवर भरायची, काही निर्णयांना सहा हजार माणसं लागायची, आणि माणसं खाली बाजारात गप्पा मारत उभी. मग लाल रंगात भिजवलेला दोर दोन्ही बाजूंनी धरून नोकर बाजारातून निघायचे आणि माणसांना गुरांसारखं सभेकडं हाकायचे. ज्याच्या कपड्याला लाल डाग, त्यानं टाळाटाळ केली हे सगळ्यांना दिसायचं. त्या काळच्या विनोदी नाटकात याची टिंगल आहे. पुढं इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास सभेला येणाऱ्याला पैसे देणं सुरू झालं. आधी एक ओबोल (तिथलं छोटं नाणं), थोड्याच वर्षांत तीन. मोलमजुरी करणाऱ्याचा दिवस बुडतो, हे त्यांना उशिरा का होईना, कळलं. (बायका आणि गुलाम त्या सभेत नव्हतेच. दोर धरायला गुलाम चालत, मत द्यायला नाही. तुझ्या पारावरचं चित्र अडीच हजार वर्षांत किती बदललं, तूच बघ.)

मला या गोष्टीत आवडतं ते एवढंच, की त्यांनी दोर वापरला, लाज वापरली, शेवटी पैसे दिले, पण रिकाम्या टेकडीवर सहा हजार माणसं मोजण्याची सोय काढली नाही. आपण काढली.

आणि हे ‘आपण’ मी मुद्दाम म्हणतेय. मी पुण्यात राहते, आमच्या सोसायटीत 64 सभासद. वार्षिक सभेला आठ-नऊ जण खुर्च्यांवर बसून चहाची वाट बघतो, गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच खुर्च्यांवर तीच आठ-नऊ माणसं सगळं मंजूर करतात. दोन वर्षं मी तिथं सेक्रेटरी होते. एका वर्षी हजेरीपटावर मी लिफ्टमध्ये भेटलेल्या तिघांच्या सह्या घेतल्या. ‘काकू, कुठं करायची?’ म्हणाले आणि केल्या. ठराव होता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा, खर्च वाढला, आणि पुढं भांडण झालं तेव्हा त्या तिघांपैकीच एकानं सर्वांसमोर सांगितलं की मी तर त्या सभेला नव्हतोच. मी खाली मान घालून बसले होते. म्हणून तुला उपदेश करायचा मला फारसा अधिकार नाही, अनुभव तेवढा आहे.

नवऱ्याच्या वाक्यावर मी हसले. नागरिकशास्त्र दहावीत संपलं, हे आपल्याकडं खरंच आहे. इतिहासाच्या पेपराला चिकटलेले ते मार्क, त्यात मूलभूत कर्तव्यं पाठ करायची. ती कर्तव्यं राज्यघटनेत आली 1976 साली, आणीबाणीत, 42 व्या दुरुस्तीनं. तेव्हा दहा होती, अकरावं 2002 मध्ये आलं, मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं. राष्ट्रध्वजाचा आदर आहे, जंगलं-नद्या सांभाळणं आहे, वैज्ञानिक दृष्टी आहे. सगळी चांगली आहेत. पण शोधून बघ, मतदान त्यात नाही. कर भरणं नाही, ते घालावं अशी ही कर्तव्यं सुचवणाऱ्या स्वर्णसिंग समितीची शिफारस होती तरी नाही. आणि ग्रामसभेला जाणं तर नाहीच. म्हणजे तुझा प्रश्न ‘हे माझं कर्तव्य आहे का’ असा घेऊन तू त्या यादीकडं गेलीस, तर यादी तुला काही सांगणार नाही. माणसं गप्प बसवलेल्या काळात आलेली यादी, तिच्यात ‘सभेला जा आणि बोल’ कुठून असणार?

यादीपेक्षा मला एक भाषण जवळचं वाटतं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकर दोन गोष्टी बोलले. एक सगळ्यांना आठवते, कारण ती बोचते. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं, अशा अर्थाचे शब्द त्यांनी वापरले आणि घटनेनं गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरला याचं समाधान व्यक्त केलं. त्यावर बरेच सभासद रागावले, मग ग्रामपंचायतींचं कलम 40 आलं, आणि पुढं 73 व्या दुरुस्तीनं, 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. दुसरी गोष्ट त्याच भाषणातली, आणि ती कमी आठवली जाते. घटनात्मक नीती ही माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते, असं ते म्हणाले. या दोन्ही गोष्टी तुझ्या सासऱ्यांच्या त्या वाक्याशेजारी ठेवून बघ. ‘भावकीतलीच बाई आडवी आली तर.’ म्हणजे गावाच्या रजिस्टरवर तू सही करायची ती मतदार म्हणून नाही, अमक्या घरची सून म्हणून. आंबेडकरांना खेड्याची भीती वाटत होती ती नेमकी ही. मतदारयादीत अकराशे नावं सुटी सुटी छापलेली, आणि प्रत्यक्षात गावात आठ-दहा भावक्या. ग्रामसभेत भावकीला खुर्ची नाही, माणसाला आहे. तुझ्या जावेला एक, तिच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईला एक. घराबाहेर तुम्ही दोघी-तिघी बरोबरीनं बसाल अशी ही गावातली जवळजवळ एकच जागा, आणि तिथं कुणी बसतच नाही.

आता जरा तुला टोचेल असं. तुझ्या पत्रावरून मला सॉक्रेटिसाची एक गोष्ट आठवली. सॉक्रेटिस म्हटलं की विषाचा पेला आठवतो, पण ही त्याआधीची. अथेन्समध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली होती. त्यांनी पाच नागरिकांना बोलावलं, त्यात हा एक. हुकूम असा, की सलामिसला जा आणि लिऑन नावाच्या माणसाला धरून आणा, त्याला मारायचंय. अशा कामात जितके हात बरबटतील तितके त्यांना हवेच होते. चौघे गेले आणि लिऑनला घेऊन आले. सॉक्रेटिस गेला नाही, तो सरळ घरी गेला. पुढं आपल्या खटल्यात त्यानं हे अभिमानानं सांगितलं, आणि धैर्य होतंच ते, जीव गेला असता. पण मी जेव्हा जेव्हा हे आठवते तेव्हा मला लिऑन आठवतो. सॉक्रेटिस घरी गेला, लिऑन मेला. त्याला कुणी निरोप धाडला का, पळ म्हणून?

त्याच सॉक्रेटिसानं काही वर्षं आधी, इसवी सनापूर्वी 406 मध्ये, दुसरं काम केलं होतं. सभेचं कामकाज चालवणाऱ्यांत त्याची पाळी होती. युद्धात बुडालेल्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून सेनापतींवर संताप होता, आणि सगळ्यांचा एकाच मतदानात निकाल लावायचा प्रस्ताव आला. हे कायद्यात बसत नाही, मी हे मताला टाकणार नाही, असं तो भर सभेत, आरडाओरडा चालू असताना म्हणाला. तिथंही तो हरलाच, सेनापतींना मारलं गेलं. पण तिथं तो सभेत होता, आणि लोकांनी ऐकलं की एक माणूस नको म्हणतोय.

रजिस्टर परत पाठवणं म्हणजे घरी जाणं. ते केलंस, बरं केलंस. पण तुझं अर्धं अजून बाकी आहे आणि तेच अवघड आहे. सही न करणं उंबऱ्यावर उभं राहून जमतं. पाराकडं चालत जाणं, बावीस गडीमाणसांत बसणं, त्याला पाय लागतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तू ऐकलं असशील. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. लोक ही फळं सांगतात. मला त्यांची मुळं जास्त आवडतात. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एक जण जरी नको म्हणाला तरी पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. आणि त्याआधी अभ्यासगट असतात, विषय कळेपर्यंत माणसं त्यावर नुसती बोलत बसतात. ‘सर्वानुमते’ हाच शब्द तुमच्याही प्रोसिडिंगमध्ये आहे बघ. त्यांना तो लिहायला दिवस लागतात, तुमच्या भाऊसाहेबांना एक मिनिट. अर्थात तुझ्या गावाचं उद्या मेंढा होईल असं मी म्हणत नाही. ते आदिवासी गाव, लहान, जंगल सगळ्यांच्या पोटाचं. तुमच्याकडं ऊस वेगळा, कारखाना वेगळा, गट वेगळा. तरी एवढं घेता येईल, की सभेच्या आधी चार माणसांनी विषय समजून घ्यावा.

आणि ती चार माणसं शोधायला तू जावेपासून सुरुवात कर.

हो, जावेपासून. तुझ्या पत्रात ती एका ओळीत आली आणि गेली, ‘कारभार अर्थातच दीर बघतात’. त्या ‘अर्थातच’वर मी जरा थांबले. तुला शिपाई रजिस्टर आणून देतो तसे तिला कुणीतरी कागद आणून देत असणार. तीही सह्याच करतेय. फरक एवढाच की तिची सही तुझ्यापेक्षा फार महाग आहे. वर्षातून चार ग्रामसभा घेणं कायद्यानं सरपंचावर बंधनकारक आहे आणि सबळ कारण नसताना त्यात कसूर झाली तर पद जाऊ शकतं. पद जाईल ते तिचं. चेकवर सही तिची, चौकशीत नाव तिचं. दिरांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तुला घर आणि गाव यांत निवड करायची आहे असं वाटतंय, पण तुझ्या घरातलीच एक बाई या रजिस्टरामुळं सगळ्यात जास्त धोक्यात आहे. तिला हे कुणी सांगितलेलं नसेल. दिरांसमोर नको, चारचौघांत नको. पापड लाटताना म्हण, शेंगा फोडताना म्हण, पण तिच्याच घरी जाऊन म्हण. ‘ताई, 15 ऑगस्टच्या प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत का?’ आरोप करू नकोस. तिनं वाचलं नसेल तर दोघी मिळून वाचा. ते बुक तिचं आहे, तिला ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिनं झिडकारलं तर? शक्य आहे. बाईच बाईला सोबत करते हे काही खरं नाही, आपण दोघीही ओळखतो. तरी पुढचं थांबत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तीही कायद्यातली आहे आणि बहुतेक गावांत तीसुद्धा सह्यांपुरतीच असते. तुमच्याकडं ती कधी होते, एवढं विचार. मग गल्लीतल्या दोघीतिघींना घेऊन जा. विषय एकच धर, आणि तो तुमच्या रोजच्या जगण्यातला धर. पाणी किती वाजता सुटतं, अंगणवाडीचं छप्पर गळतं, स्मशानाकडच्या रस्त्याला दिवा नाही. खोट्या सह्यांचा विषय पहिल्याच सभेत काढू नकोस. कारण तो काढलास की बोलणं तुझ्यावर वळेल, रस्त्यावरचा दिवा बाजूलाच राहील.

मग 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. नोटिशीवरचा पहिला विषय जवळपास नेहमी एकच असतो, ‘मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे’. सगळीकडं तो ‘वाचलं असं समजून कायम’ होतो. तू एवढंच म्हण, ‘भाऊसाहेब, वाचून दाखवता का? मागच्या वेळी मला यायला जमलं नव्हतं.’ यात भांडण नाही, कुणाचा अपमान नाही, आणि खोटंही नाही. राजस्थानात 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाया सुरू केल्या तेव्हा याहून जास्त काही केलं नव्हतं. सरकारी कामांची हजेरीपत्रकं मिळवली आणि ज्यांची नावं त्यात होती त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचली. माणसं उठून सांगायला लागली की मी त्या कामावर गेलोच नव्हतो, माझ्या नावचे पैसे कुणी उचलले? त्या वाचनातून माहितीच्या अधिकाराची चळवळ मोठी झाली आणि 2005 मध्ये देशाचा कायदा आला. तुमच्या गावात बहुधा इतकं काही होणार नाही. भाऊसाहेब घाईघाईनं वाचतील, दोघं जांभया देतील. पण पुढच्या वेळी लिहिणाऱ्याला माहीत असेल की हे वाचून दाखवायला लागतं, आणि लिहिताना हात जरा जपून चालेल.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस. ‘आडवी आली’ म्हणाले ना, तर त्यांना सांग, आडवी नाही, आता सभेला येतेय, तुम्हीही चला. एकट्या सुनेनं पारावर जायचं आणि सासऱ्यांबरोबर जायचं, यात गावाच्या नजरेत फार अंतर आहे, आणि ते अंतर वापरायला लाजू नकोस. ते आले नाहीत तरी तुला अडवणं त्यांना अवघड जाईल. ‘सहीला चालते आणि सभेला चालत नाही’ हे कुठल्याच तोंडानं म्हणता येत नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. लग्नानंतर तुझं मतदारयादीतलं नाव माहेरून इकडं कधी आलं? ग्रामसभेचा सभासद म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. नाव अजून माहेरच्या यादीत असेल तर आजवरच्या तुझ्या सह्या दोन-दोन कारणांनी खोट्या होत्या, आणि पारावर बसायचा अधिकारही अजून आलेला नाही. ते आधी बघून घे.

आणि जावेकडं जाशील तेव्हा वेळेचंही काढ. झेंडावंदनानंतर लगेच, सकाळी दहाला सभा ठेवायची म्हणजे बायका चुलीपुढं आणि गडी पारावर, हे आपोआप ठरतं. दुपारी तीनला ठेवता येईल का, विचार तिला. ठेवली तर तिघीचौघी मिळून जा, नाव पुकारलं की रजिस्टर तिथंच पुढ्यात ओढून सही कर. नवऱ्याच्या नावापुढचा रकाना रिकामा राहू दे. ते महिन्यातून दोनदा येतातच, त्यातली एक खेप सभेच्या दिवशी जमते का बघा म्हणावं.

— मावशी